डीडीएसची गोळी आणि रक्ताची शिदोरी

मलकापूर सोडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की आंबा घाटाच्या अलीकडेच रान दाट होऊ लागतं. सह्याद्रीच्या असल्या ओलसर रानांत, ओढ्यांच्या काठी, कडू कवठ नावाचं झाड वाढतं. खऱ्या कवठाशी त्याचं साम्य फळाच्या गोलाईपुरतंच. आतल्या बियांतून निघतं ते कडवट, उग्र तेल. चौलमुगऱ्याच्या जातकुळीतलं हे झाड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोगावर साऱ्या जगाचा भरवसा या तेलावर होता. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी त्याच्या इंजेक्शनांना शिस्त लावली आणि देशभरच्या कुष्ठधामांत रुग्णांच्या चट्ट्यांभोवती ते दाट तेल सुईनं भरलं जाऊ लागलं. दुखायचं फार. उपयोग किती व्हायचा यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. पण दुसरं काही हातात नव्हतं.

मलकापूर हे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं गाव. घाटमाथा आणि कोकण यांच्या मधलं. इथल्या एखाद्याला रक्तपिती, म्हणजे कुष्ठरोग, झाली आणि घरानं, गावानं त्याला बाहेर काढलं, तर वाटा मोजक्याच होत्या. घाट उतरून रत्नागिरी, जिथं दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूराच्या पैशातून कुष्ठरुग्णालय उभं राहिलं होतं. किंवा पूर्वेला मिरज, जिथं मिशनऱ्यांचं काम होतं. किंवा थेट मुंबई. मुंबईत १८९० साली म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढला. तोच पुढे वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय झाला. हा ॲकवर्थ मोठा विलक्षण माणूस. शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीनं त्यानं मराठी पोवाडे गोळा केले, छापले, आणि पुढे त्यांतल्या काहींचं इंग्रजी रूपांतरही केलं. पावनखिंडीच्या मुलखातल्या वाचकानं तरी त्याची ही बाजू विसरू नये.

वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केलं ते विनोबांच्या प्रेरणेनं. सेवाग्रामात गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली ते संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९४५ साली गेले. दैव असं की पुढच्याच वर्षापासून मद्रासकडे, चिंगलपेटला, डॉ. रॉबर्ट कॉक्रेन एक नवं औषध रुग्णांना टोचून पाहू लागले. डायअमिनो-डायफिनाइल सल्फोन, म्हणजे डीडीएस. पुढे त्याचं नाव डॅप्सोन पडलं.

नवं म्हणायचं ते वापरापुरतं. हे संयुग जर्मनीत फ्राइबुर्गच्या एमिल फ्रोम यांनी १९०८ सालीच तयार केलं होतं, तेही रंगांच्या रसायनशास्त्राच्या नादात, औषध म्हणून नव्हे. १९३७ मध्ये इंग्लंडात बटल आणि फ्रान्सात फुर्नो यांच्या गटांनी ते उंदरांना देऊन पाहिलं. जंतू मरत होते खरे, पण त्या काळच्या सल्फा औषधांच्या मापानं दिलं की ते विषासारखं चढायचं. म्हणून मूळ डीडीएस बाजूला ठेवून त्याची सौम्य रूपं वापरात आली. अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गाय फॅगेट यांनी १९४१ पासून प्रोमिन नावाचं असं एक रूप शिरेतून दिलं आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. पण प्रोमिन महाग, शिवाय रोज शिरेत सुई. हिंदुस्थानातल्या, आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांना ते कोण देणार? कॉक्रेन यांनी मूळ स्वस्त औषधच, मात्रा बेतून, तेलात मिसळून टोचायला घेतलं. नायजेरियात जॉन लो यांनी आणखी सोपं केलं. टोचायचं कशाला, थोडी मात्रा तोंडानंच द्या. पाच-सहा वर्षांत कडू कवठाचं तेल इतिहासजमा झालं.

१९५१ साली गांधी स्मारक निधीच्या आधारानं वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. डॉ. रा. वि. वार्डेकर त्याचे प्रमुख. रुग्णांना कुष्ठधामात आणून कोंडायचं नाही, आपण गावात जायचं, हे त्यांचं सूत्र. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि तिथल्या तिथं उपचार. सरकारी कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि पुढे त्यानंही हीच घडी उचलली. बाबा आमट्यांचं आनंदवन याच काळातलं, अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन त्याआधीचं. या सगळ्यांच्या हातात एकच गोळी होती, पांढरी, छोटी, स्वस्त.

ही गोळी द्यायची कशी, याचा मात्र कित्येक वर्षं घोळ होता. आरंभी मात्रा अगदी किंचित, आठवड्यातून एकदा-दोनदा. मग महिनोन् महिने इंचाइंचानं वाढवत न्यायची. मधेच अंगावर गाठी आल्या, ताप आला, म्हणजे ज्याला 'रिॲक्शन' म्हणतात ती आली, की गोळी बंद. रुग्ण पांढुरका दिसू लागला, धाप लागू लागली, तरी बंद. जोडीला लोहाच्या गोळ्या असायच्या. डॉक्टरांच्या मनात डीडीएसची एक भीती घर करून होती आणि ती पोकळ नव्हती. हे औषध रक्ताला लागतं, हे सगळ्यांना दिसत होतं. ओठांवर, नखांवर निळसर-करडी छटा येई. हिमोग्लोबिन उतरे. का, ते नीट कळायला मात्र १९५० चं दशक सरत यावं लागलं, आणि ते कळलं ते कुष्ठरोगाच्या नव्हे, मलेरियाच्या औषधावरून.

तो धागा जातो १९२० च्या दशकात. जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेतून प्लाझ्मोक्विन नावाचं औषध निघालं. क्विनाइननं न हटणारा, यकृतात दडून बसणारा मलेरिया त्यानं हटे. पण १९२६ सालीच मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांतून डॉ. कॉर्डेस यांनी कळवलं की काही मजुरांना या औषधानं काळपट लघवी होते आणि रक्त एकदम उतरतं. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या फौजेतही तोच अनुभव आला. १९३४ साली एका लष्करी डॉक्टरानं त्यावर लिहिलं तेव्हा ही सरहद्दीवरची नवी पंचाईत वाटली होती. सगळ्यांना नाही, काहींनाच होतं. त्या काहींत आणि बाकीच्यांत फरक काय?

उत्तर शोधलं गेलं ते एका तुरुंगात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम मलेरियाचे डास चावू देऊन औषधं तपासली. गाजलेला खुनी नेथन लिओपोल्ड हाही त्या प्रकल्पातला एक कैदी. कैद्याची 'संमती' म्हणजे किती संमती, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. आज विचारावाच लागतो, आणि पुढचं सगळं ज्ञान त्याच प्रश्नावर उभं आहे हेही मान्य करावं लागतं. कोरियाच्या युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना प्लाझ्मोक्विनचा सुधारलेला भाऊ प्रायमाक्विन चौदा दिवस देत. त्यांच्यातल्या काही कृष्णवर्णीयांचं रक्त फुटू लागलं. शिकागोच्या डॉ. आल्व्हिंग यांच्या गटानं स्टेटव्हिलमध्ये एक चतुर प्रयोग केला. ज्याला प्रायमाक्विन बाधतं त्याच्या लाल पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या अंगात सोडल्या. औषध देताच फुटल्या त्या खुणेच्या पेशी. यजमानाच्या स्वतःच्या नाहीत. म्हणजे दोष शरीरात नव्हे, पेशीतच. आणि फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी. तरुण पेशी तग धरतात. १९५५ साली याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. प्रायमाक्विन ज्याला बाधतं त्याला ॲसिटॅनिलाइड बाधतं, काही सल्फा औषधं बाधतात, आणि सल्फॉक्सोनही. सल्फॉक्सोन हे कुष्ठरोगावरचं, डीडीएसच्याच घराण्यातलं औषध. दोन रोग, दोन औषधं, पण रक्ताची दुखरी नस एकच.

१९५६ साली 'सायन्स' साप्ताहिकात कार्सन, फ्लॅनागन, इक्स आणि आल्व्हिंग यांनी त्या नसेचं नाव जाहीर केलं. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, आता सगळे जी-सिक्स-पीडी म्हणतात ते.

लाल पेशीला केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना जी विकरं सोबत असतील तेवढ्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. परत घरी न येणाऱ्या वाटसरूसारखी ती बांधून दिलेल्या शिदोरीवर चालते. जी-सिक्स-पीडी हे त्या शिदोरीतलं मुख्य. ते साखरेचा एक छोटा वाटा वळवून त्यातून एनएडीपीएच तयार करतं, आणि त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन नावाचा रेणू पुन्हा पुन्हा ताजा होतो. डीडीएस यकृतात गेलं की त्याच्या काही अंशाचं हायड्रॉक्सिलअमिन होतं. हे हायड्रॉक्सिलअमिन लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिनमधल्या लोहाला गंज चढवतं, म्हणजे मेथिमोग्लोबिन बनवतं. ओठांची निळसर छटा त्याचीच. ग्लुटाथायोन खर्ची पडत राहतं. ते संपलं की हिमोग्लोबिनची प्रथिनं वाकडीतिकडी होऊन पेशीच्या आतल्या बाजूला गोळ्यांसारखी चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती १८९० सालीच पाहिली होती. अशी विद्रूप पेशी प्लीहा वेचून काढते. जी-सिक्स-पीडी भरपूर असलेल्या माणसातही हे थोडंफार होतंच. ज्याच्याकडे ते कमी, त्याचं लवकर आणि जास्त होतं. १९६६ साली डीगोविन, कार्सन आदींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये हाच हिशेब डीडीएससाठी मांडला. मात्रा वाढवत नेली की निरोगी माणसाचंही रक्त फुटतं, पण जी-सिक्स-पीडी कमी असलेल्याचं फुटतं कितीतरी थोड्या मात्रेत.

आता मुंबई. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे संस्थापक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य. त्यांचं नाव कर्करोगाशी जोडलं जातं, पण कुष्ठरोगावरचं त्यांचं काम तितकंच मोलाचं आहे. रोगाच्या अगदी पहिल्या खुणा कातडीत आणि नसांत कशा दिसतात याचा त्यांनी बारकाईनं मागोवा घेतला. त्यांच्याच छत्राखाली डॉ. एल. डी. संघवी मानवी भेदांचा अभ्यास करत होते. दोघांनी मिळून १९४९-५० च्या सुमारास मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांतल्या सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद छापली. जातीच्या भिंती रक्तात किती खोल उतरल्या आहेत, ते आकड्यांत मोजायचा हा प्रयत्न. त्याच मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मधून 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. पुढे १९५७ मध्ये केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं. त्या वर्षांत परळ परिसरात रक्ताचं जेवढं शास्त्र चाललं होतं तेवढं देशात क्वचितच कुठं चाललं असेल.

शिकागोहून निघालेली जी-सिक्स-पीडीची बातमी इथं न पोचती तरच नवल. १९६१ साली ए. जे. बक्षी, व्ही. बालकृष्णन आणि संघवी यांनी 'करंट सायन्स'मध्ये मुंबईतल्या नमुन्यांवरचं पहिलं टिपण दिलं. दोन वर्षांनी उंडेविया यांच्यासह त्यांनी पारशी समाजाकडे लक्ष वळवलं, आणि तिथं आकडा धक्का देणारा निघाला. पारशी पुरुषांत सुमारे पंधरा-सोळा टक्के जणांत हे विकर कमी होतं. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून पुरुषांत ठळक. आईकडून मुलाकडे येणारा. पारशांत सापडला तो बहुतांशी भूमध्य सागराकडचा, बराच तीव्र प्रकार. रत्नागिरीच्या कुष्ठरुग्णालयाला ज्या समाजानं हात दिला, त्याच समाजात त्या रुग्णालयाचं पुढचं औषध न सोसणारं रक्त इतकं जास्त, हा योगायोग कुणा कादंबरीकाराला सुचला असता तर समीक्षकांनी तो ओढूनताणून आणलेला ठरवला असता. पुढच्या दशकांत केईएमच्या आवारातल्या त्याच केंद्रानं, म्हणजे नंतरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनं, डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून देशभरच्या समाजांची पाहणी केली. भूमध्य प्रकाराबरोबर 'केरळ-कल्याण' आणि 'ओरिसा' हे इथले प्रकार पुढे आले. होय, आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याण.

पारशी घरांतून, आणि पारशी नसलेल्याही घरांतून, याचा एक साधा परिणाम सांगायला हवा. नवजात बाळाचे कपडे ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवतात, त्या नॅफ्थलिननंही असं रक्त फुटतं. तान्ह्या मुलाची कावीळ एकाएकी वाढली तर बालरोगतज्ज्ञ आजही ते विचारतात.

इथवर निदान झालं. उपाय काय? इथं जीवनसत्त्वं रंगमंचावर येतात, आणि येतात ती मोठ्या टाळ्यांत.

इ जीवनसत्त्व बर्कलेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना १९२२ मध्ये उंदरांच्या प्रजननावर काम करताना सापडलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॉल ग्यॉर्गी आणि कॅथरीन रोज यांनी दाखवलं की इ जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या उंदरांच्या लाल पेशी किरकोळ रसायनानंही फुटतात. जीवनसत्त्व दिलं की टिकतात. इथून एक सुंदर कल्पना निघाली. पेशीचं आवरण स्निग्धाचं, इ जीवनसत्त्वही स्निग्धात राहणारं. आवरणात बसून ते ऑक्सिडीकरणाची साखळी मधेच तोडतं. त्याच्या खर्ची पडलेल्या रेणूला पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व पुन्हा उभं करतं. १९६७ मध्ये ऑस्की आणि बार्नेस यांनी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत इ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रक्तक्षय वर्णिला. त्या बाळांना लोह दिलं की रक्तक्षय सुधारायच्या ऐवजी बिघडायचा, कारण लोह स्वतःच ऑक्सिडीकरणाला चूल पेटवून देतं. डीडीएसच्या जोडीनं वर्षानुवर्षं ज्या लोहाच्या गोळ्या वाटल्या गेल्या त्यांचा या प्रकाशात फेरविचार करावा असं मला वाटतं. पेशी फुटून सुटलेलं लोह शरीर बहुतेक परतच वापरतं. म्हणून फुटणाऱ्या रक्तात लोहाची तूट सहसा नसतेच. अर्थात आपल्याकडच्या रुग्णांत जंत आणि अपुऱ्या जेवणानं खरी तूट असणारे कमी नव्हते, म्हणून त्या काळच्या डॉक्टरांना सरसकट दोष देणंही अन्यायाचं.

मग माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. १९८० मध्ये कोराश आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये लिहिलं की भूमध्य प्रकारच्या जी-सिक्स-पीडी दोषात मोठ्या मात्रेतल्या इ जीवनसत्त्वानं रक्त फुटणं कमी झालं. तीनच वर्षांनी त्याच नियतकालिकात जॉन्सन आदींनी लिहिलं की कमी होत नाही. डॅप्सोनवरचा प्रश्न कॅनडात प्रसिक आणि सहकाऱ्यांनी घेतला. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या त्वचारोगासाठी कायम डॅप्सोन घेणाऱ्या काही रुग्णांना त्यांनी चार आठवडे रोज ८०० युनिट इ जीवनसत्त्व दिलं, मग क, मग दोन्ही एकत्र. १९९२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की इ जीवनसत्त्वानं थोडं संरक्षण मिळतं. अंशतः.

हे 'अंशतः' का, याचं उत्तर मला सगळ्यात रंजक वाटतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात डेव्हिड जोलो, मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॅप्सोनच्या हायड्रॉक्सिलअमिननं उंदरांच्या पेशी कशा मरतात ते बारकाईनं तपासलं. आवरणातली स्निग्धं ऑक्सिडीकरणानं नासलेली त्यांना आढळलीच नाहीत. बिघाड होता तो आतल्या बाजूला, हिमोग्लोबिन आणि पेशीचा सांगाडा बांधणाऱ्या प्रथिनांमध्ये. म्हणजे इ जीवनसत्त्व ज्या आघाडीवर पहारा देतं, तिथं हल्ला फारसा झालेलाच नसतो. पहारेकरी प्रामाणिक, जागा चुकलेली.

आणि क जीवनसत्त्व? आवळा-लिंबाच्या देशात त्याच्यावर कुणाचा अविश्वास असणार? पण १९७५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक प्रकरण नोंदवलं. हाताला भाजलेल्या एका वृद्धाला शिरेतून ८० ग्रॅम क जीवनसत्त्व दिलं गेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. त्याला जी-सिक्स-पीडीची कमतरता होती. त्याचं रक्त फुटलं आणि तो दगावला. मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, म्हणजे ज्यापासून वाचवायचं तेच घडवतं. माणसाची रोजची गरज १ ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी आहे हे लक्षात घेतलं की ८० ग्रॅमची कल्पना येते. आवळ्याच्या लोणच्यानं असं काही होत नाही. पण 'व्हिटॅमिनच आहे, अपाय काय होणार' हे वाक्य औषधाच्या दुकानापुढं ऐकू आलं की मला ते प्रकरण आठवतं.

इकडे वर्ध्याच्या कथेत मात्र रक्ताच्या भीतीनं वेगळाच घोटाळा करून ठेवला होता. डीडीएस थोडं द्या, हळूहळू वाढवा, काही झालं की थांबवा. वर ते वर्षानुवर्षं एकटंच. जंतूला शिकायला याहून चांगली शाळा नव्हती. १९६४ मध्ये मलायात पेटिट आणि रीस यांनी डॅप्सोनला न जुमानणारे जंतू दाखवले. १९७० च्या दशकात असे जंतू नव्या, औषध न घेतलेल्या रुग्णांतही मिळू लागले. रक्तक्षय टाळण्यासाठी आणि रिॲक्शनच्या धास्तीनं मात्रा तोकडी ठेवली, हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं. रुग्ण गोळ्या सोडत, पुरवठा तुटे, आणि मुळात एकट्या औषधानं हा जंतू कायमचा हटत नाही. पण मात्रेची कंजुषी हे त्यातलं ठळक कारण होतं, आणि ती कंजुषी ज्या धास्त्यांतून आली त्यांतली एक रक्ताची होती.

१९८१-८२ मध्ये वर्धा आणि बंगालातलं पुरुलिया हे दोन जिल्हे देशात प्रथम बहुविध औषधोपचाराखाली आले. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र. आणि डॅप्सोनची मात्रा? प्रौढाला रोज १०० मिलिग्रॅम, पहिल्या दिवसापासून, वाढवत नेण्याचा खेळ नाही. तीस वर्षं जी मात्रा गाठायला महिने लावले जात, ती थेट सुरू. थोडं रक्त उतरेल हे गृहीत धरलं. बहुतेकांचं शरीर तरुण पेशी जास्त बनवून ते भरून काढतं हे एव्हाना माहीत होतं. ज्याचं फार उतरेल त्याचं डॅप्सोन थांबवायचं आणि उरलेल्या औषधांवर भागवायचं. १९९५ पासून ही औषधं जगभर मोफत मिळू लागली, आणि २००५ च्या अखेरीस भारतानं दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्णांचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. त्या पत्त्यावर, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्यावर, कुठलंही जीवनसत्त्व नाही.

मलेरियाच्या बाजूला निवाडा आणखी स्पष्ट झाला. आपल्याकडे व्हायवॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन कित्येक दशकं पाचच दिवस दिलं जाई. आता चौदा दिवसांचा कोर्स आहे, आणि देताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून दवाखान्यात या, असं सांगायचं असतं. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम करतं, पण अंगात आठवडे टिकतं. रक्त फुटू लागलं तर थांबवायला काही उरत नाही. म्हणून जी-सिक्स-पीडी मोजल्याशिवाय ते द्यायचंच नाही, असा नियम आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत आकडा सांगणारी हातात मावणारी यंत्रं त्यासाठी बाजारात आली आहेत. ज्या तपासणीसाठी बक्षी आणि संघवींना परळची अख्खी प्रयोगशाळा लागली, ती आता तालुक्याच्या रुग्णालयातल्या टेबलावर होऊ शकते. मलकापूरच्या शाहूवाडीसारख्या तालुक्यात ते यंत्र आधी पोचतं की इ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची जाहिरात, याबद्दल मी पैज लावणार नाही.